नाताळच्या टेबलावरची लेबलं : आधी मजकूर, मग कागद, सजावट शेवटी

नाताळच्या पार्टीसाठी घरी केलेली लेबलं बहुतेक वेळा एकाच जागी चुकतात. सुरुवात चमकीपासून होते. सोनेरी कागद येतो, त्यावर तारे आणि घंटा चिकटतात, आणि उरलेल्या बोटभर जागेत ‘केक’ एवढंच लिहिलं जातं. समोर केक आहे हे पाहुण्याला दिसतच असतं. त्याला हवं असतं ते न दिसणारं : यात अंडं आहे का, रम आहे का, काजू आहेत का. उत्तर लेबलावर नसेल तर तो दर वेळी घरातल्या बाईला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावतो, नाहीतर संकोचून खातच नाही.

वसई, वांद्रे किंवा गोव्यातल्या घरी नाताळच्या टेबलावर सोरपोतेल, फुगे (मैद्याचे तळलेले गोळे), पुलाव, बेबिंका, दोदोल, नेवऱ्या, प्लम केक असं सगळं एकत्र येतं. जेवायला मात्र शेजारचं जैन कुटुंब, ऑफिसातले मुसलमान मित्र, शाकाहारी मैत्रीण, शेंगदाणा न चालणारं एखादं मूल अशी मंडळी असतात. म्हणून लेबलाचं पहिलं काम माहिती देणं हे आहे आणि शोभा त्यानंतर. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे. चौदा-पंधरा पदार्थांच्या टेबलाला तो पुरेल.

टप्पा १ : यादी आणि पाच प्रश्न (आठवडाभर आधी)

वहीत पदार्थांची यादी करा. घरी होणारे, बेकरीतून येणारे आणि पाहुणे आणणार असलेले असे तीन गट पाडा. तिसरा गट सगळ्यांत जास्त त्रास देतो, कारण तो पदार्थ टेबलावर येईपर्यंत त्यात काय आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं. त्या मंडळींना आधीच व्हॉट्सॲपवर हे पाच प्रश्न पाठवा, आणि घरच्या पदार्थांसाठी स्वतःलाही तेच विचारा.

१. मांस आहे का? असल्यास कोणत्या प्राण्याचं?
२. अंडं किंवा जिलेटिन आहे का?
३. दारू आहे का? वाईन, रम, फेणी, काहीही.
४. गहू किंवा मैदा, दूध, काजू-बदाम, शेंगदाणे, सोया, मासे-कोळंबी यांपैकी काय आहे?
५. किती तिखट आहे आणि कशाबरोबर खायचं?

चौथ्या प्रश्नातली यादी मनाने केलेली नाही. पाकीटबंद पदार्थांवर ॲलर्जीचे जे घटक लिहावे लागतात, ते एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांत दिलेले आहेत : ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे व सुकामेव्यातले दाणे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाहून जास्त सल्फाइट. घरगुती टेबलाला तो कायदा लागू नाही, पण काय विचारायचं हे ठरवायला यादी उपयोगी पडते. सल्फाइट म्हणजे पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन; ते वाईनमध्ये आणि पिवळ्याधमक सुकवलेल्या जर्दाळूंमध्ये असू शकतं. पाकिटावर तसं छापलेलं असेल तर लेबलावर लिहा.

आता या टेबलावर जिथे अंदाज हमखास फसतो, त्या जागा पाहू.

बेबिंका दिसायला साधी मिठाई वाटते, पण तिच्यात अंड्याचे बलक भरपूर असतात. शिवाय मैदा, तूप आणि नारळाचं दूध. बोलिन्हास म्हणजे रवा-नारळाची बिस्किटं, त्यांतही अंडं असतं. दोदोल याच्या उलट : तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाचं दूध. शाकाहारी माणूस बेबिंका घेतो आणि काळपट दिसणाऱ्या दोदोलाला हात लावत नाही, असं लेबल नसलेल्या टेबलावर सर्रास होतं. मार्झिपान आपल्याकडे बऱ्याच घरांत बदामाऐवजी काजूचं करतात आणि त्यात अंड्याचा पांढरा भाग घालतात. नुसतं ‘मार्झिपान’ लिहिलं तर काजू आणि अंडं दोन्ही लपतात. कुलकुल, म्हणजे मैद्याचे तळलेले गोड तुकडे, काही घरी अंडं घालून करतात, काही घरी न घालता. फुग्यांत मैद्याबरोबर अंडं आणि नारळाचं दूध असू शकतं. हे सगळं घरागणिक बदलतं, म्हणून ज्यांनी केलंय त्यांनाच विचारा.

जेली, ट्रायफल पुडिंग आणि मार्शमेलो यांत बहुतेक वेळा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून काढतात. चायना ग्रास (समुद्री शेवाळापासूनचं अगर) घालून केलेली जेली शाकाहारी असते. पाकीट फेकण्याआधी वाचा.

पुलावात भाजीच दिसत असली तरी तांदूळ चिकनच्या स्टॉकमध्ये शिजवला असेल तर तो शाकाहारी नाही. एकाच तेलात आधी कोळंबी आणि मग भाजीचे कटलेट तळले असतील, तर तेही लेबलावर यायला हवं.

प्लम केकची रम भाजताना पूर्ण उडून जात नाही. केक झाल्यावर वरून चमच्याने पाजलेली रम तर तशीच राहते. दारू न घेणारा पाहुणा, गरोदर बाई, औषध चालू असलेलं माणूस आणि लहान मुलं या सर्वांसाठी ही ओळ हवीच. खिमाड, म्हणजे मसाले घालून केलेली गरम दारू, ठेवणार असाल तर त्याचं लेबल मोठं करा. मसाल्याच्या वासाने ते मुलांना सरबत वाटू शकतं.

थांबा, तपासा : यादीतल्या प्रत्येक पदार्थासमोर पाचही उत्तरं आहेत का? एखादं उत्तर ‘बहुतेक नाही’ असं आलं असेल तर ते ‘माहीत नाही’ असं धरा आणि पुन्हा विचारा. उत्तर मिळालंच नाही तर लेबलावर ‘घटक नक्की माहीत नाहीत’ असं लिहा. ॲलर्जी असलेल्या माणसाला ही ओळ पुरते. तो सरळ दुसरा पदार्थ घेतो.

टप्पा २ : मजकूर पक्का करणं

एका लेबलावर तीन ओळी, त्याहून जास्त नाही. पहिल्या ओळीत पदार्थाचं नाव. दुसऱ्या ओळीत तो काय आहे हे चार-पाच शब्दांत. तिसऱ्या ओळीत काय जपायचं ते. उदाहरणं :

सोरपोतेल
डुकराचं मांस, व्हिनेगर, तिखट
काळीज आहे

बेबिंका
नारळाच्या दुधाची थरांची मिठाई
अंडं, मैदा, तूप

दोदोल
तांदूळ, गूळ, नारळाचं दूध
अंडं नाही, मैदा नाही

प्लम केक
रममध्ये भिजवलेला सुकामेवा
अंडं, मैदा, काजू, रम

मांसाच्या पदार्थावर प्राण्याचं नाव स्पष्ट लिहा : डुक्कर, म्हैस, बकरा, कोंबडी. ‘मीट रोल’, ‘कोल्ड कट्स’ अशा नावांवरून काहीच कळत नाही, आणि ज्याला एक मांस चालतं पण दुसरं चालत नाही त्याची पंचाईत होते. ‘आजीचा खास’, ‘सरप्राइज’ असली नावं या टेबलावर नकोत. प्रेमाने ठेवायचीच असतील तर दुसऱ्या ओळीत ठेवा. पहिली ओळ पदार्थाची.

‘जैन’ हा शब्द कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंद यांपैकी काहीही नसेल तेव्हाच लिहा. ‘नट-फ्री’ असं तर लिहूच नका. ज्या स्वयंपाकघरात आठवडाभर काजू दळले गेले, तिथे त्याची हमी देता येत नाही. ‘काजू-बदाम घातलेले नाहीत’ एवढं लिहिणं खरं ठरतं.

नावासमोर शाकाहारी-मांसाहारी खूण काढा. पाकिटांमुळे ती सगळ्यांच्या ओळखीची असते : हिरव्या चौकटीत भरीव हिरवा गोल म्हणजे शाकाहारी. मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी गोल असायचा; २०२० च्या लेबलिंग नियमांनंतर तपकिरी चौकटीत भरीव तपकिरी त्रिकोण आला. घरच्या लेबलावरही त्रिकोणच काढा. हिरवा आणि तपकिरी हे रंग ज्याला वेगळे दिसत नाहीत, त्यालाही गोल आणि त्रिकोण कळतात. मेणबत्तीच्या उजेडात तर कुणालाही. नियमाप्रमाणे अंड्याचा पदार्थ मांसाहारी खुणेत येतो. तिथे त्रिकोण काढून शेजारी ‘अंडं’ लिहिलं की अंडं खाणारे शाकाहारी गोंधळत नाहीत.

भाषेचं म्हणाल तर मराठी मोठ्या अक्षरात आणि गरज असेल तरच खाली लहान इंग्रजी. तीन भाषा घालू नका. एकीलाही जागा पुरत नाही.

थांबा, तपासा : सगळा मजकूर एका साध्या कागदावर लिहून, ज्याने स्वयंपाक केलेला नाही अशा घरातल्या माणसाला वाचायला द्या. त्याने एखाद्या पदार्थाबद्दल प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर त्या लेबलावर यायला हवं होतं.

टप्पा ३ : कागद आणि पेन (पाच दिवस आधी)

कागद २५० ते ३०० जीएसएमचा कार्डशीट घ्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). दुकानात ‘आयव्हरी’ म्हणून मागितला तरी मिळतो. साधा झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो. घडी घालून उभा केला की तासाभरात खाली बसतो. घरच्या प्रिंटरवर छापणार असाल तर तुमचं मशीन किती जाड कागद घेतं ते त्याच्या माहितीपुस्तकात पाहा. बऱ्याच लहान प्रिंटरांना ३०० जीएसएम झेपत नाही.

रंग पांढरा, मोतिया किंवा फिकट पिवळसर. लाल कार्डावर हिरवं आणि हिरव्या कार्डावर लाल ही जोडी नाताळची असली तरी वाचायला सगळ्यांत वाईट. हिरवा-लाल किनारीला वापरा. चमकणारा सोनेरी कागद पूर्ण लेबलाला नको, कारण वर लावलेल्या दिव्यांच्या माळेचा उजेड त्यावरून परावर्तित होतो आणि अक्षर पुसल्यासारखं दिसतं.

शाळेचे स्केचपेन पाण्यात विरघळणाऱ्या शाईचे असतात, गार भांड्याच्या घामानेही ओघळतात. पाण्याने न फुटणारी पिगमेंट शाई असलेलं काळं पेन घ्या. सोनेरी जेल पेन नक्षीसाठी चालेल, पण ते गुळगुळीत कागदावर सावकाश वाळतं. रात्रभर हात लावू नका.

आणखी हवं : स्टीलची पट्टी, कटर, खाली घ्यायला जाड पुठ्ठा, शाई संपलेलं बॉलपेन, मऊ पेन्सिल आणि चांगलं खोडरबर.

टप्पा ४ : आखणी, खाच, कापणी

सगळ्यांत कमी कागद वाया घालवणारं माप हे : ए-फोर कागद आडवा ठेवा, म्हणजे २९.७ सेंटीमीटर रुंद आणि २१ सेंटीमीटर उंच. रुंदीचे तीन भाग केले की प्रत्येकी ९.९, उंचीचे दोन केले की प्रत्येकी १०.५. एका कागदात सहा कार्डं. प्रत्येक कार्ड मधोमध दुमडलं की ९.९ बाय ५.२५ सेंटीमीटरची तंबूसारखी उभी पाटी होते. चौदा पदार्थ आणि पाच कोरी जादा मिळून एकोणीस, म्हणजे चार कागद.

आता क्रम नीट पाहा; इथे फार लोक चुकतात. खाच म्हणजे घडी सरळ यावी म्हणून दाबून पाडलेली रेघ.

हाताने लिहिणार असाल तर : आखणी, खाच, कापणी, लेखन, घडी.
छापणार असाल तर : छपाई, खाच, कापणी, घडी.

खाच आधी पाडून तो कागद प्रिंटरमध्ये घातला तर तो अडकतो. घडी आधी घालून मग हाताने लिहिलं तर कार्ड डुलतं आणि शिरोरेषा वाकडी जाते.

खाच कापणीच्या आधी पाडण्याचं कारण सोपं आहे. आडव्या कागदाच्या वरच्या कडेपासून ५.२५ आणि १५.७५ सेंटीमीटरवर फक्त दोन लांब खाचा पाडल्या की सहाही कार्डांच्या घड्या एका रेषेत येतात. एकेक कार्ड कापून मग खाच पाडली तर प्रत्येकाची घडी वेगळ्या कोनात जाते. रिकामं बॉलपेन स्टीलच्या पट्टीला लावून दोनदा, मध्यम दाबाने ओढा. कटरच्या पात्याने खाच पाडू नका, कागद घडीवर तुटतो.

खाच लेबलाच्या बाहेरच्या, म्हणजे अक्षरं येणाऱ्या बाजूला पाडायची. घडी घातल्यावर खाच बाहेर राहते आणि मागचा उंचवटा आत जातो. उलट केलं तर जाड कागदाची घडी फाटल्यासारखी दिसते.

कागदाला दाणा असतो, म्हणजे त्यातले तंतू एका दिशेने पडलेले असतात. घडी त्या दिशेला समांतर हवी. कागद न मोडता हलकेच एकदा आडवा, एकदा उभा वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वाकतो ती दाण्याची दिशा. ए-फोरमध्ये ती बहुतेक वेळा लांबीच्या बाजूने असते आणि वरच्या मापात आपली घडीही लांबीलाच समांतर आहे. मोठी शीट आणून स्वतः कापणार असाल तर मात्र ही चाचणी करा.

सावध : कार्ड कापताना कटर अंगठ्याकडे येणार नाही अशी पट्टी धरा आणि एका दमात कापण्यापेक्षा तीन हलके फटके द्या. मुलांना कटर देऊ नका, त्यांच्यासाठी पुढे काम आहे.

टप्पा ५ : अक्षर

पाहुणा ताट हातात घेऊन टेबलापासून दीड-दोन हातांवर उभा असतो. तिथून वाचता यायचं तर नावाचं अक्षर शिरोरेषेपासून पायापर्यंत किमान ८ मिलिमीटर हवं, खालच्या ओळींचं ४ मिलिमीटर.

*हाताने लिहिताना.* पेन्सिलीने प्रत्येक ओळीसाठी दोन रेघा आखा : एक शिरोरेषेची, एक पायाची. पण दोन ओळींमध्ये मात्रा आणि उकारासाठी जागा सोडायला विसरू नका. ‘कुलकुल’चा उकार खाली येतो, ‘बेबिंका’ची मात्रा आणि वेलांटी वर जाते. इंग्रजी अक्षरांच्या सवयीने ओळी जवळ आखल्या तर ही चिन्हं एकमेकांत घुसतात आणि नाव चुकीचं वाचलं जातं. शेवटची शिरोरेषा पट्टीने ओढू नका, हाताने ओढलेली जास्त जिवंत दिसते. कटनिब (तिरक्या छाटाची लेखणी) वापरत असाल तर देवनागरीसाठीची निब घ्या. तिचा तिरका छाट इंग्रजी निबच्या उलट बाजूला असतो, आणि इंग्रजीच्या निबने जाड-बारीक रेघा भलत्या ठिकाणी येतात. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी सरळ, सुट्टं, ठसठशीत अक्षर काढावं. त्याला काहीच कमीपणा नाही.

*संगणकावर करताना.* युनिकोड फॉन्ट घ्या : मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी हे मोफत मिळतात आणि स्पष्ट वाचता येतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल छपाईच्या दुकानातल्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. दुकानात नेहमी पीडीएफ न्या.

तीन चुका वारंवार दिसतात. पहिली, शोभेसाठी अक्षरांमधलं अंतर वाढवणं. इंग्रजीत ते चालतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. दुसरी, अक्षराला फक्त बाह्यरेषा देणं. अनेक फॉन्टमध्ये मात्रा आणि अक्षर जिथे एकमेकांवर येतात तिथे आतली रेघही दिसू लागते. तिसरी, अक्षराच्या आकाराच्या आकड्यावर विसंबणं. चाळीस पॉइंटचं अक्षर एका फॉन्टमध्ये मोठं दिसतं, दुसऱ्यात लहान. एक कागद छापा आणि पट्टीने मोजा.

छापताना ‘ॲक्चुअल साइझ’ किंवा शंभर टक्के निवडा. ‘फिट टू पेज’ राहिलं तर सगळं काही टक्क्यांनी आक्रसतं आणि तुमची ५.२५ ची खाच अक्षरातून जाते. बहुतेक घरगुती प्रिंटर कागदाच्या कडेला छापत नाहीत, म्हणून मजकूर कडेपासून ७ मिलिमीटर आत ठेवा. इंकजेटची शाई ओलीने पसरू शकते. गार पदार्थांची लेबलं दुकानातून लेझर प्रिंटवर काढा.

टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहुणे येणार असतील तर मागच्या बाजूलाही नाव हवं. कार्ड सपाट असताना खालच्या अर्ध्यात मजकूर सरळ आणि वरच्या अर्ध्यात पूर्ण उलटा, डोकं खाली, असा बसवा. दोन्ही सरळ छापले तर दुमडल्यावर मागचं नाव उलटं दिसतं.

थांबा, तपासा : एक लेबल पूर्ण करा, उभं करा, खोलीतला मोठा दिवा बंद करून फक्त माळ आणि मेणबत्ती लावा आणि दोन हातांवरून वाचा. मग फोनने कृष्णधवल फोटो काढा. फोटोत तिसरी ओळ वाचता येत नसेल तर शाईचा रंग गडद करा. हे एका कार्डावर पाहून मगच उरलेली करा.

टप्पा ६ : सजावट

मजकूर झाल्यावर जेवढी जागा उरली, तेवढीच सजावटीची. डावीकडची दोन सेंटीमीटरची उभी पट्टी आणि वरचे दोन कोपरे पुरतात. शाकाहारी-मांसाहारी खुणेजवळ काहीही चिकटवू नका.

अन्नाशेजारी शोभतील आणि चुकून ताटात पडल्या तरी काळजी नको अशा वस्तू आपल्या मसाल्याच्या डब्यातच आहेत : चक्रीफूल, दालचिनीची लहान कांडी, लवंगांची ओळ, तमालपत्र. चक्रीफूल कार्डाला थेट चिकटत नाही, कारण त्याचा फारच थोडा भाग कागदाला टेकतो. मागे जाड फेविकॉलचा थेंब ठेवून ते कार्ड आडवं तीन-चार तास वाळू द्या. हे काम मुलं आनंदाने करतात.

मोसंबीच्या सुकवलेल्या चकत्या फार सुंदर दिसतात. डिसेंबरात संत्रीही भरपूर असतात, पण नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने चकती सुटते, मोसंबीची टिकते. पाच मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापा, फडक्याने टिपा आणि ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसला अंदाजे तीन तास, मधून मधून उलटत सुकवा. किनारपट्टीच्या हवेत त्या पुन्हा ओल्या होऊन चिकट होतात, म्हणून थंड झाल्याबरोबर घट्ट डब्यात ठेवा आणि लेबलाला पार्टीच्या दिवशीच लावा.

सावध, आणि हे खरंच मनावर घ्या :

लाल बी म्हणून गुंजा लावू नका. लाल-काळी गुंज दिसायला हुबेहूब नाताळची, पण अत्यंत विषारी आहे, आणि खाण्याच्या टेबलावर लहान मुलांच्या हाताशी तिला जागा नाही. कण्हेरीची पानं-फुलंही नकोत. पॉइनसेटियाचा लाल गुच्छ टेबलाखाली किंवा दारात ठेवा. त्याचा चीक त्वचेला आणि तोंडाला झोंबतो.

चमकी प्लॅस्टिकची असते. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं म्हणजे खाण्याजोगी असा अर्थ होत नाही. सुटी चमकी लेबलावर भुरभुरली की पंख्याच्या वाऱ्याने दोदोलावर बसते. चकाकी हवी असेल तर सोनेरी जेल पेनची रेघ किंवा सोनेरी रिबिनीचा तुकडा वापरा.

टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना पूर्ण वर्ज्य. केकमध्ये खोचायचे झेंडे करणार असाल तर टूथपिकऐवजी लांब बांबूची सळी घ्या, म्हणजे ती कापताना आत राहत नाही. त्याहून चांगलं म्हणजे झेंडा केकच्या पाटावर उभा करायचा, केकमध्ये नाही.

टप्पा ७ : ओल, तेल आणि वारा

आइस्क्रीम, पुडिंग, बर्फाची बादली यांच्याजवळचं लेबल भिजतंच. त्यासाठी तंबू करू नका. सपाट कार्ड लॅमिनेट करा आणि कडेला ३ मिलिमीटर प्लॅस्टिक सोडून कापा. अगदी कागदाला लागून कापलं तर कडेतून पाणी शिरतं. वाईनच्या बाटलीच्या बुचाला खाली सपाट कापून वर एक सेंटीमीटर खोल चीर द्या आणि कार्ड त्यात उभं करा. जेल पेनचं लिखाण पूर्ण वाळल्याशिवाय लॅमिनेट केलं तर शाई फासली जाते.

मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) अंगणात जेवण असेल तर दवाचा विचार करा. वसईच्या वाड्यांत किंवा गोव्यात डिसेंबरच्या रात्री उघड्यावर ठेवलेला कागद तासाभरात मऊ पडतो. मांडवाखाली टेबल असेल तर ठीक, नाहीतर सगळीच लेबलं लॅमिनेट करून बुचांवर लावा. वाऱ्यासाठी तंबूच्या आत तळाला चपटा गोटा ठेवा. गुळगुळीत टेबलक्लॉथवर तंबूचे पाय पसरत जातात. आतून एक सेंटीमीटर रुंद कागदी पट्टी दोन्ही पायांना अशी चिकटवा की तळाशी ४ सेंटीमीटर अंतर राहील. लेबल किंचित मागे कलतं, आणि उभ्या माणसाला तेच सोयीचं.

टप्पा ८ : मांडणी (पाहुणे येण्याच्या तासभर आधी)

आधी रिकामी भांडी, मग लेबलं, शेवटी अन्न. गरम भांडी मांडून झाल्यावर लेबलांसाठी जागा शोधली की ती झाकणावर, पळीखाली, दोन पदार्थांच्या मधोमध अशी कुठेही बसतात.

रश्श्याच्या पदार्थाचं लेबल भांड्याच्या डावीकडे, वीतभर अंतरावर ठेवा. बहुतेक लोक उजव्या हाताने वाढून घेतात, त्यामुळे डावीकडचं लेबल हाताखाली झाकलं जात नाही आणि त्यावर थेंबही पडत नाहीत. कोरड्या फराळाचं लेबल ताटासमोर चालतं. शेगडीवरच्या झाकणाच्या भांड्याजवळ लेबल वाफेच्या वाटेपासून दूर हवं. झाकणावर कधीच नको; पहिल्याच पाहुण्याने झाकण उचललं की ते दुसरीकडे जातं. पेटत्या मेणबत्तीपासून लेबल किमान हातभर लांब.

शाकाहारी पदार्थ टेबलाच्या एका टोकाला एकत्र ठेवा आणि प्रत्येकाला स्वतःचा चमचा द्या. सोरपोतेलातली पळी भाजीत गेली की लेबलावरचा हिरवा गोल खोटा ठरतो. हे सांगायची जबाबदारी घरातल्या एका मोठ्या मुलावर टाका.

ती पाच कोरी कार्डं आणि ते काळं पेन टेबलाजवळच्या खणात ठेवा. कुणीतरी न सांगता डबा घेऊन येतंच. डबा हातात घेतानाच पाच प्रश्न विचारा आणि लगेच लिहा. ‘नंतर लिहू’ म्हटलेलं लेबल होत नाही.

थांबा, तपासा : टेबल मांडून झाल्यावर यादीची वही घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. पदार्थ आणि लेबल यांची जोडी बोटाने लावा. शेवटच्या क्षणी स्वयंपाकात बदल झाला असेल, काजू संपले म्हणून बदाम घातले असतील, तर ते लेबल खोडून दुरुस्त करू नका; नवं लिहा.

टप्पा ९ : जेवणानंतर

उरलेलं अन्न पाहुण्यांबरोबर डब्यांतून जातं आणि माहिती मात्र टेबलावर राहते. डबा भरतानाच त्या पदार्थाचं लेबल घडीवर कापून पुढचा अर्धा भाग डब्याच्या झाकणावर चिकटपट्टीने लावा. वर तारीख आणि ‘फ्रिजमध्ये ठेवा’ लिहा. दुसऱ्या दिवशी डबा उघडणारा माणूस कदाचित पार्टीला आलेलाच नसतो, आणि रम किंवा काजू कशात आहेत हे त्यालाही कळायला हवं.

तेल लागलेली कार्डं टाकून द्या, वर्षभरात त्यांना वास येतो आणि मुंग्या लागतात. लॅमिनेट केलेली पुसून, वाळवून, यादीच्या वहीतच ठेवा. पण पुढच्या नाताळला ती जशीच्या तशी मांडू नका. कृती बदललेली असते, बेकरी बदललेली असते. पाच प्रश्न पुन्हा विचारा, आणि उत्तर तेच आलं तरच जुनं कार्ड वापरा.